दगड सपाट करण्याची सोपी रीत (लागणारा वेळ : तीन आठवडे)

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्याकडे वस्तरा आहे, त्याला धार लावायला तुम्ही सिरॅमिकचा दगड मागवला आहे, तो आज पोचला आहे, आणि खोक्यावर लिहिलंय की हा दगड कधी झिजत नाही. हे शेवटचं वाक्य नीट वाचून ठेवा. पुढचे तीन आठवडे ते तुम्हाला आठवत राहणार आहे.

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. लिहिणाराही नवशिकाच आहे, फक्त तुमच्यापेक्षा तीन आठवड्यांनी जुना.

जागेची निवड

जागा म्हणून मी फेल्डहोवन निवडलं, कारण मी तिथे राहतो. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, आइंडहोवनला चिकटलेलं हे गाव. वस्तऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा सापडणं कठीण. शेजारच्या आइंडहोवनच्या फिलिप्स कंपनीने १९३९ साली फिरत्या पात्याचं विजेचं दाढीयंत्र बाजारात आणलं. अलेक्झांडर होरोविट्झ नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने ते घडवलं होतं आणि ‘फिलिशेव्ह’ या नावाने ते पुढे जगभर गेलं. आमच्या रांगेतले निम्मे आजोबा फिलिप्समधून निवृत्त झालेले. त्यांना ‘मी वस्तऱ्याने दाढी करतो’ असं सांगणं म्हणजे कोल्हापुरात जेवायला जाऊन ‘रस्सा नको, दही आहे का’ विचारणं.

त्याच फिलिप्सच्या भागीदारीतून १९८४ साली एएसएमएल निघाली. गावातल्या ‘दे रुन’ भागात आज तिचं मुख्यालय आहे, आणि तिथे संगणकाच्या चिपा छापणारी यंत्रं बनतात. आपल्याकडची पुष्कळ मंडळी इथे आली ती याच यंत्रांच्या मागोमाग. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्या यंत्रांत आरशांवरून फिरवतात, आणि हे आरसे जर्मनीतली झाइस कंपनी करते. असा एखादा आरसा जर्मनीएवढा मोठा केला, तरी त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा ०.१ मिलिमीटरच्या आत राहील असं सांगतात. आमच्या सोसायटीतल्या गणपतीला आरतीनंतर प्रसाद खाताना लोक असल्या आकड्यांबद्दल बोलतात. मी त्यांच्यात हिशेबखात्याचा माणूस. सपाटी हा माझा धंदा नाही; सपाटीची बिलं हा माझा धंदा आहे.

राहता राहिला वस्तरा. तो माझ्या आजोबांचा. मिरजेत पन्नास वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून होता. पात्यावर झोलिंगेन असं कोरलेलं आहे, आणि झोलिंगेन इथून गाडीने दीड तासावर. म्हणजे वस्तरा जवळजवळ माहेरी आला म्हणायचा. त्याचं माहेरपण नीट व्हावं म्हणून हा सगळा खटाटोप.

दगड ओळखा

खोक्यातून निघालेला पांढराशुभ्र ठोकळा साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद असेल. त्याला सिरॅमिक म्हणतात म्हणून दबून जाऊ नका. ती अ‍ॅल्युमिनाची भुकटी आहे, भट्टीत भाजून घट्ट केलेली. अ‍ॅल्युमिना म्हणजे आपला कुरुंद. शिकलगार सायकलच्या मागे जे चाक फिरवायचा, त्याच्या जुन्या रूपात लाखेत घोटलेली कुरुंदाची पूडच असायची. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही इकडूनच, तमिळ ‘कुरुंदम’वरून गेलेला. तेव्हा दुकानदाराने ‘प्रगत तंत्रज्ञान’ म्हटलं की मान डोलवा आणि मनात शिकलगाराला नमस्कार करा.

कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० वर, कुरुंद ९ वर. कमावलेलं पोलाद फार तर सहा-सात. त्यामुळे वस्तरा कितीही घासला तरी दगडाला ढिम्म फरक पडत नाही. शिवाय याला पाण्यात भिजत घालावं लागत नाही, कोरडाही चालतो. बिनपाण्याची हजामत म्हणतात ती इथपासून सुरू होते.

(बेल्जियममधल्या आर्देन डोंगरांत पिवळसर रंगाचा एक नैसर्गिक दगड निघतो, कोटिक्युल नावाचा. त्यात गार्नेटचे बारीक स्फटिक असतात आणि युरोपातले न्हावी पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत आले. तो मऊ आहे, दहा मिनिटांत सपाट होतो, आणि खाण इथून दोनेक तासांवर आहे. शहाण्या माणसाने तोच घ्यावा. आपण सिरॅमिकच घेतला, कारण तो झिजत नाही.)

पायरी पहिली : तपासणी

स्टीलची पट्टी दगडावर कडेवर उभी धरा. पलीकडे मोबाइलचा टॉर्च लावा. पट्टीखालून कुठेच उजेड आला नाही तर दगड सपाट आहे. खोक्यात परत ठेवा आणि हे वाचणं थांबवा. पण उजेड येतोच. पट्टी लांबीला धरा, रुंदीला धरा आणि दोन्ही कर्णांवर धरा. एका कर्णावर उजेड मधे आणि दुसऱ्यावर दोन्ही टोकांना दिसला तर दगडाला पीळ आहे. भट्टीत भाजताना खापर जसं वाकतं तसंच हे.

उजेडावर विश्वास नसेल तर कागद घ्या. छपाईचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. माझ्या दगडाच्या मधोमध तो पट्टीखालून सुळकन सरकला. मी हिशेबखात्याचा माणूस असल्याने लगेच गुणाकार केला. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर. माझा २० सेंटिमीटरचा दगड त्या मापाचा केला, तर मधे ४०० मीटर खोल दरी पडते. झाइसचा आरसा त्याच मापात ०.१ मिलिमीटर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पायरी दुसरी : पॉलिश पेपर

काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखा, पाणी शिंपडा आणि दगड कागदावर घासा. जिथल्या रेघा पुसल्या जातील तो उंचवटा, जिथल्या राहतील तो खड्डा. रीत उत्तम आहे. साध्या पाणदगडाला ती हमखास लागू पडते.

सिरॅमिकला मात्र पडत नाही. कागदावरचे कण दगडापेक्षा नावापुरते कठीण. तिसऱ्या मिनिटाला कागदाचाच चकोट झाला आणि दगडावर पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा राहिल्या. काही ठिकाणी तर त्या आणखी उठून दिसायला लागल्या. असे आठ कागद वाया गेले की पुढच्या पायरीवर या.

पायरी दुसरी (पुन्हा) : कार्बोरंडम

सिलिकॉन कार्बाइडची सुटी भुकटी मिळते. १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचिसन हा अमेरिकन गृहस्थ हिरे बनवायला बसला होता, हाती ही आली. कार्बन आणि कोरंडमचा संकर झालाय असं वाटून त्याने तिला कार्बोरंडम नाव दिलं. आपला कुरुंद इथेही अडनावात शिरला. भुकटीचे नंबर असतात, नंबर लहान तितका कण जाड. ८० पासून सुरुवात करा, मग १२०, २२०, ४००. पाण्यात कालवूनच वापरा, कोरडी उडवू नका, फुप्फुसं एकदाच मिळतात.

भुकटी पसरायला खाली काहीतरी सपाट हवं. इथे मी केलेली चूक तुम्ही करू नका. या देशात बागेतल्या लाद्या उपटून पावसाचं पाणी मुरायला जागा करावी म्हणून गावागावांत दरवर्षी स्पर्धा लागते, कोण जास्त लाद्या उचलतं याची. त्यामुळे ३० बाय ३० सेंटिमीटरची सिमेंटची लादी रस्त्याकडेला फुकट पडलेली सापडते. मी एक उचलून आणली. लादी सपाट दिसते. पायाला ती सपाटच असते. दगडाच्या नजरेने बघितलं तर तो सासवडचा घाट आहे.

मागच्या अंगणात लादीवर भुकटी, पाणी आणि दगड घेऊन मी दोन शनिवार गोल गोल फिरवत बसलो. आवाज असा, की जात्यात वाळू दळावी. कुंपणापलीकडून आजोबांनी डोकावून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, दगड सपाट करतोय. ते म्हणाले, ‘लेकर बेझिख!’ म्हणजे, मस्त चाललंय तुमचं. कोणी काहीही करत असलं की डच माणूस हेच म्हणतो, खड्डा खणत असलात तरी आणि बुजवत असलात तरी.

दोन शनिवारांनंतर पट्टी धरली. दरी गेली होती. आता तिथे डोंगर होता. उजेड दोन्ही कडांना, मधे टेकलेलं. कारण मागाहून कळलं : सुटी भुकटी दगडाच्या कडेखाली आधी शिरते, तिथेच जास्त खाते, आणि त्याच वेळी खालची लादी मधोमध वाटीसारखी झिजत जाते. वाटीत घासलेला दगड फुगीर होणार, यात दगडाचा काय दोष?

घासून उरलेला काळा राडा स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नका. तो नळीत बसतो आणि सिमेंटसारखा धरतो. कागदात टिपून कचऱ्यात टाका. हे वाक्य घरातल्या एका वरिष्ठ व्यक्तीच्या सांगण्यावरून घातलं आहे.

पायरी तिसरी : तीन दगड

इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणातली खरी सुंदर गोष्ट हीच आहे.

दोन दगड एकमेकांवर घासले की ते एकमेकांना जुळतात. जुळले म्हणजे सपाट झाले असं मात्र नाही. एकाला खळगा पडतो, दुसऱ्याला फुगवटा येतो, आणि दोघं इतके बेमालूम बसतात की मधे केस शिरणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय जोडी आहे! १८४० साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने ग्लासगोच्या सभेत धातूचे सपाट पृष्ठभाग करण्यावर निबंध वाचला. त्यातली युक्ती अशी की तिसरा आणायचा. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर. पहिल्याला खळगा असेल तर त्याच्याशी जुळायला दुसरा आणि तिसरा दोघंही फुगीर व्हावे लागतील. पण मग ते दोघं एकमेकांवर बसणार नाहीत, डुगडुगतील. तिघं आपसात जुळायचे तर एकच मार्ग उरतो : तिघांनीही सपाट होणं. बाहेरची कुठलीही पट्टी नको, मोजमाप नको. सपाटी शून्यातून तयार होते.

चुलीला तीन दगड का लागतात हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. सपाटीलाही तीनच लागतात हे मला पन्नाशीत कळलं. फक्त पीळ या युक्तीतूनही निसटून राहू शकतो, म्हणून मधूनमधून एक दगड आडवा करून घासायचा.

रीत निर्दोष आहे. त्यासाठी आणखी दोन दगड विकत घ्यावे लागतात, एवढीच तिची खोट. मी तसा प्रस्ताव रात्री जेवताना मांडला. उत्तर आलं, की एका दगडाने घरात जेवढं व्हायचं तेवढं झालं आहे.

पायरी चौथी : हिरे

कुरुंदावर मात करायची तर मोजपट्टीवरची वरची पायरी धरावी लागते. जाड दाण्याची हिऱ्याची पाटी मागवा : पोलादी पत्रा, त्यावर निकेलच्या मुलाम्यात बसवलेले हिऱ्याचे कण. साठ-सत्तर युरो जातात. बायकोला सांगताना ‘हिरे’ हा शब्द आधी उच्चारू नका, गैरसमज होतो.

पेन्सिलीच्या चौकटी आखा, पाटी नळाखाली ओली करा आणि दगडावर फिरवा. जोर लावू नका, पाटीच्या वजनाने होऊ द्या. दर पाच मिनिटांनी दगड उलट टोकाने धरा, नाहीतर तुमच्या उजव्या हाताची मेहनत दगडात उतरते आणि एक बाजू खचते. रेघा सगळीकडून एकसारख्या पुसल्या गेल्या की पुन्हा आखा. पुन्हा पुसल्या की पुन्हा. तीन वेळा सलग पुसल्या म्हणजे झालं. मला चार संध्याकाळी लागल्या, आणि शेवटच्या संध्याकाळी पाटीवर हात फिरवला तर ती बऱ्यापैकी शांत झाली होती. हिरे टिकतात हो. त्यांना धरून ठेवणारा निकेल टिकत नाही. दगड न झिजणारा असला की झिजायचं काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं.

एकच बाजू करा. मागची बाजू कारखान्यातून आली तशी सोडून द्या. दोन्ही बाजू सपाट हव्यात असं वाटायला लागलं तर काही दिवस बाहेरगावी जाऊन या.

सपाट झाल्यावर दगडाच्या कडा सुरीसारख्या होतात. वस्तरा त्यावर अडखळला तर पात्याला दाता पडतो, म्हणून चारही कडा पाटीवर तिरक्या धरून मिलिमीटरभर मोडून टाका. सगळ्या कामातली ही एकच पायरी दोन मिनिटांत होते आणि बहुतेक जण तीच विसरतात.

मधली सुट्टी

हे सगळं झाल्यावर मी कॅन्टीनमध्ये एका ओळखीच्या माणसाला हकिकत सांगितली. तो दिवसभर आरशांचं गणित करतो. त्याने कागदी रुमाल पुढे ओढला आणि विचारलं, खड्डा किती होता? मी म्हटलं, २० सेंटिमीटर लांबीत ०.१ मिलिमीटर. वस्तऱ्याचं पातं पाठीपासून धारेपर्यंत किती रुंद? म्हटलं, दोन सेंटिमीटर. लांबी दहाव्या हिश्श्यावर आली की वक्रतेची खोली शंभराव्या हिश्श्यावर येते, तो म्हणाला. म्हणजे तुझ्या पात्याखाली खड्डा एक मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो. लांबीतला खड्डा तू तसाच ठेवला असतास तरी दाढीला कळला नसता. रुंदीतला बाक आणि पीळ असेल तर गोष्ट वेगळी. तो होता का?

मला आठवेना. रुंदीत मी पट्टी धरली होती, पण त्या वेळी लक्ष सगळं दरीकडे होतं. तो रुमाल मी जपून ठेवला आहे.

पायरी पाचवी : वस्तरा

इथपर्यंत आलात तर प्रत्यक्ष धार लावणं फार लांबवत नाही. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायच्या. कोन किती, याची चिंता वस्तरा घडवणाऱ्याने पाठ तेवढी जाड ठेवून मिटवलेली आहे. धार पुढे करून, तिरकं ओढत न्यायचं, कारण पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब आहे. टोकाला पोचल्यावर पाठीवर उलटायचं, धारेवर उलटायचं नाही. जोर शून्य. सिरॅमिक हा शेवटचा, घोटायचा दगड. बोथट वस्तरा त्याच्यावर आयुष्यभर फिरवलात तरी लागणार नाही, आधी १००० नंबरच्या आणि मग चढत्या नंबरांच्या पाणदगडांवर तो लावून घ्यावा लागतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात, धार मागे ठेवून.

दाढी झाली. चांगली झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही, ही तिच्या उत्तमपणाची खूण मानायची.

निगा

वापरता वापरता दगडावर करड्या-काळ्या रेघा उमटतात. ते पोलाद असतं, दगडाच्या छिद्रांत अडकलेलं. ते तसंच राहिलं तर दगड वस्तऱ्याला खायचा थांबतो, नुसता चाटतो. भांडी घासायची कुठलीही पावडर आणि प्लास्टिकची घासणी घ्या, ओल्या दगडावर चोळा, धुवा. तारेची घासणी नको, ती स्वतःच पोलाद सोडते.

दुसरा आजार कपटी आहे. दगड स्वच्छ असतो, सपाट असतो आणि तरीही काही करत नाही. बारीक किंवा थकलेल्या हिऱ्यांनी घासून घासून त्याचे दाणे बोथटलेले असतात, वर काचेसारखी तकाकी आलेली असते. वस्तऱ्याची शेवटची चमक काढायला ती बरी. बाकी कशाला नाही. अनुभवी माणसाला हे बोट फिरवूनच कळतं. मला कळलं नव्हतं.

गणपतीला आई मिरजेहून आली. सामानाला वजनाची मर्यादा, त्यामुळे चंदनाचं खोड आणलं पण सहाण घरीच राहिली. चतुर्थीला सकाळी मी उठायच्या आत तिने ओट्यावर वाळत ठेवलेला पांढरा दगड पाहिला, पाणी शिंपडलं आणि खोड घासायला बसली. मी खाली आलो तेव्हा पाचेक मिनिटं झाली असावीत. दगडावर पाणी होतं तसंच, स्वच्छ. गंधाचा थेंब नाही. तिने अंगठा फिरवून पाहिला.

‘अरे, नुसता गुळगुळीत झालाय. टाकी लावून घे की,’ ती म्हणाली. मिरजेत आमच्या बोळात पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन दारात बसायची आणि अर्ध्या तासात काळा पाटा पुन्हा देवीच्या वणासारखा खरबरीत करून द्यायची. पाटा चांगला वाटत नाही असं नुसतं सांगितलं की तिला पुरायचं. पट्टी धरून पाहताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मी म्हटलं, आई, हा दगड तीन आठवडे घासलाय मी. हिऱ्यांनी.

‘म्हणूनच,’ ती म्हणाली, आणि दगड उलटा केला. मागच्या बाजूवर गंध छान उतरलं.